जैववैद्यकीय संशोधनातील वैविध्यासाठीची पूरक अनुदाने: अमेरिकेतील एका योजनेचा इतिहास (१९८९-२०२५)

प्रस्तावना

संशोधनासाठीचा पैसा कोणत्या मार्गाने येतो आणि कोणाच्या स्वाक्षरीने खर्च होतो, यावर प्रयोगशाळेत कोणाला स्थान मिळेल हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील जैववैद्यकीय संशोधनाचा जो विस्तार झाला, तो प्रामुख्याने शासकीय अनुदानांच्या बळावर झाला. या विस्ताराचा लाभ मात्र समाजाच्या सर्व घटकांपर्यंत सारख्या प्रमाणात पोहोचला नाही. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी समाजांतील व्यक्ती संशोधक म्हणून या क्षेत्रात फार थोड्या संख्येने दिसत राहिल्या. ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजेच एनआयएचने, जे उपाय योजले त्यांपैकी १९८९ मध्ये सुरू झालेली पूरक अनुदानांची योजना हा एक महत्त्वाचा उपाय होय.

ही योजना सुमारे साडेतीन दशके चालली. या काळात तिचे नाव बदलले, लाभार्थींची व्याख्या विस्तारली आणि अखेर २०२५ मध्ये ती बंद झाली. प्रस्तुत लेखात या योजनेची पार्श्वभूमी, रचना, तिच्यातील स्थित्यंतरे आणि तिचा शेवट यांचा आढावा घेतला आहे. आधीच मंजूर असलेल्या अनुदानाला जोडून नवा पैसा देण्याची जी पद्धत या योजनेने स्वीकारली, तिच्यातच योजनेचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोहोंचे मूळ आहे, असे या आढाव्यातून दिसून येते.

अनुदानांचा विस्तार आणि प्रवेशाचा प्रश्न

१९४४ च्या सार्वजनिक आरोग्य सेवा कायद्याने एनआयएचला विद्यापीठांतील व इतर संस्थांतील संशोधकांना अनुदान देण्याचा व्यापक अधिकार दिला. एनआयएचचे एकूण अंदाजपत्रक १९४७ मध्ये सुमारे ८० लाख डॉलर होते. १९६६ मध्ये ते १०० कोटी डॉलरच्या पुढे गेले. अर्जांची छाननी त्या त्या विषयातील तज्ज्ञांच्या समित्यांनी करावी, गुणवत्तेनुसार क्रम लावावा आणि त्यानुसार निधी द्यावा, अशी पद्धत रूढ झाली. स्वतंत्र संशोधकाला मिळणारे 'आर०१' हे अनुदान कालांतराने या व्यवस्थेचा कणा बनले. आर०१ मिळाले म्हणजे स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली, असा संकेत निर्माण झाला.

या व्यवस्थेत अर्ज करण्यास कायद्याने कोणालाही मज्जाव नव्हता. परंतु अर्ज करण्याच्या पायरीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग अनेकांसाठी फार पूर्वीच बंद झाला होता. कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० मध्ये वैद्यकीय शिक्षणावर अहवाल सादर केला. त्या वेळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. अहवालानंतरच्या काळात त्यांपैकी पाच बंद पडली. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड आणि नॅशव्हिल येथील मेहॅरी ही दोनच टिकली. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा उंचावण्याच्या प्रयत्नात एका समाजाच्या शिक्षणाच्या वाटा अधिकच अरुंद झाल्या.

प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय व्यक्ती काम करीत नव्हत्या असे नाही; त्या कोणत्या हुद्द्यावर काम करीत होत्या, हा खरा प्रश्न होता. व्हिव्हियन थॉमस यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. महामंदीमुळे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षणाचे स्वप्न अपुरे राहिले. १९३० मध्ये ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथे ते संशोधनाचे काम करीत असत, परंतु वेतनपत्रकात त्यांची नोंद सफाई कामगाराच्या श्रेणीत होती. १९४१ मध्ये ते ब्लॅलॉक यांच्यासमवेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आले. जन्मजात हृदयदोषामुळे निळसर पडणाऱ्या बालकांवरील शस्त्रक्रियेचे तंत्र प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध करण्यात थॉमस यांचा मोठा वाटा होता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ही शस्त्रक्रिया प्रथमच एका बालिकेवर झाली, तेव्हा ते ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून त्यांना सूचना देत होते. हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. प्रयोगशाळेत हजर असणे आणि संशोधक म्हणून गणले जाणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

संस्थांना साहाय्य: १९७० चे दशक

नागरी हक्कांच्या चळवळीनंतर आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर शासकीय निधीच्या वाटपाकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. एनआयएचने १९७२ मध्ये अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकत असलेल्या संस्थांना जैववैद्यकीय संशोधनासाठी साहाय्य देणारी योजना सुरू केली. १९७७ मध्ये अशा संस्थांतील गुणवंत पदवी विद्यार्थ्यांना संशोधनाचे प्रशिक्षण देणारा 'मार्क' योजनेचा भाग अस्तित्वात आला.

याच १९७२ या वर्षी टस्कीगी येथील सिफिलिसविषयक अभ्यासाची हकिकत वृत्तपत्रांतून उघडकीस आली. सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ पासून अलाबामा राज्यातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर हा अभ्यास चालविला होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही त्यांतील रुग्णांवर योग्य उपचार करण्यात आले नव्हते. एका समाजाचे लोक संशोधनाचे विषय म्हणून नोंदवले जातात, पण संशोधनाचे प्रश्न ठरविणाऱ्यांत मात्र ते जवळजवळ नसतात, ही विसंगती या प्रकरणाने जगासमोर आणली. संशोधकवर्गातील वैविध्याचा प्रश्न हा केवळ नोकरीच्या संधीचा प्रश्न नसून संशोधनावरील जनतेच्या विश्वासाशीही निगडित आहे, हा युक्तिवाद पुढील काळात वारंवार मांडला गेला. त्यामागे टस्कीगीचा अनुभव होता.

१९७० च्या दशकातील योजना संस्थाकेंद्री होत्या. त्यांचा उपयोग निश्चितच झाला. तथापि मोठी अनुदाने आणि नामांकित प्रयोगशाळा बहुतांशी अन्य विद्यापीठांत होत्या. तेथील दार उघडण्यासाठी वेगळ्या प्रकारच्या उपायाची गरज होती.

पूरक अनुदानाची रचना

१९८९ मध्ये सुरू झालेल्या योजनेने हा वेगळा उपाय पुढे आणला. तिचे तत्त्व साधे होते. एखाद्या प्रमुख संशोधकाकडे एनआयएचचे अनुदान आधीपासून असेल आणि त्याने अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटातील विद्यार्थ्याला किंवा संशोधकाला आपल्या प्रकल्पात सामावून घेण्याचे ठरविले, तर त्या व्यक्तीचे वेतन, साहित्य व प्रवास यांसाठी मूळ अनुदानात वाढीव रक्कम मिळू शके. कालांतराने माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांपासून पदवी, पदव्युत्तर व पीएच.डी.चे विद्यार्थी, पीएच.डी.नंतरचे संशोधक आणि नवोदित प्राध्यापक यांच्यापर्यंत सर्व पायऱ्यांचा योजनेत समावेश झाला.

या रचनेची काही वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले वैशिष्ट्य असे की, हा अर्ज तज्ज्ञ समित्यांच्या दीर्घ स्पर्धेतून जात नसे. मूळ प्रकल्पाची गुणवत्ता आधीच तपासली गेलेली असल्याने पूरक अर्जाची छाननी संबंधित संस्थेतील अधिकारी प्रशासकीय पातळीवर करीत. त्यामुळे निर्णय तुलनेने लवकर होत असे. दुसरे असे की, पूरक काम मूळ प्रकल्पाच्या कक्षेतच असावे लागे आणि मूळ अनुदानाचा पुरेसा कालावधी शिल्लक असणे अपेक्षित असे. तिसरे असे की, उमेदवाराला कोणते मार्गदर्शन मिळेल आणि त्यातून त्याची संशोधक म्हणून वाढ कशी होईल, याचा आराखडा अर्जासोबत द्यावा लागे.

चौथे वैशिष्ट्य या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. या निधीचा उपयोग प्रमुख संशोधकाला केवळ तांत्रिक मदतनीस पुरविण्यासाठी करता येणार नाही, असे योजनेच्या नियमांत स्पष्टपणे नमूद केलेले असे. प्रयोगशाळेत आलेली व्यक्ती उद्याची संशोधक म्हणूनच आली पाहिजे, हा त्यामागील हेतू होता. व्हिव्हियन थॉमस यांच्यासारख्यांच्या वाट्याला जे आले, त्याची पुनरावृत्ती टाळण्याची तरतूद अशा रीतीने एका कोरड्या प्रशासकीय अटीत करण्यात आली होती.

भारतीय वाचकाच्या मनात अशा योजनेविषयी वाचताना आरक्षणाची कल्पना येणे स्वाभाविक आहे. तथापि या योजनेत जागांचे कोणतेही प्रमाण ठरलेले नव्हते आणि विशिष्ट संख्या भरण्याची सक्ती नव्हती. उमेदवार शोधणे, त्याला तयार करणे आणि अर्ज करणे हे सर्वस्वी प्रमुख संशोधकाच्या इच्छेवर अवलंबून होते. तसेच उमेदवार अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असणे आवश्यक होते. त्यामुळे विद्यार्थी-व्हिसावर तेथे गेलेले भारतीय विद्यार्थी या योजनेच्या कक्षेबाहेर राहिले. आशियाई वंशाच्या संशोधकांची गणनाही सर्वसाधारणपणे अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटांत होत नसे. मात्र मूळ अनुदान धारण करणारे भारतीय वंशाचे प्राध्यापक आपल्या प्रयोगशाळेतील पात्र उमेदवारासाठी अर्ज करू शकत होते.

नाव आणि व्याख्या यांतील स्थित्यंतरे

आरंभी ही योजना 'अल्पप्रतिनिधित्व असलेल्या अल्पसंख्याकांसाठी पूरक अनुदाने' या आशयाच्या नावाने ओळखली जात होती. याच धर्तीवर अपंग व्यक्तींसाठी स्वतंत्र पूरक अनुदाने होती. १९९२ मध्ये कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे संशोधनात खंड पडलेल्यांना परत येता यावे, यासाठीही पूरक अनुदाने सुरू झाली. म्हणजेच मूळ अनुदानाला जोड देण्याची ही पद्धत वेगवेगळ्या प्रकारच्या वंचिततेसाठी वापरता येते, हे एनआयएचच्या लक्षात आले होते.

२००५ मध्ये महत्त्वाचा बदल झाला. अल्पसंख्याकांसाठीची आणि अपंगांसाठीची पूरक अनुदाने एकत्र करण्यात आली, सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित पार्श्वभूमीच्या उमेदवारांचा त्यांत समावेश झाला आणि योजनेच्या नावात 'वैविध्य' हा शब्द आला. हा बदल तत्कालीन न्यायालयीन वातावरणापासून अलग करून पाहता येत नाही. १९७८ च्या बाकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातील निश्चित वांशिक कोटा अमान्य केला होता. वंशाचा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचार करण्यास मात्र वाव ठेवला होता. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयासंबंधीच्या ग्रटर खटल्यात न्यायालयाने विद्यार्थिवर्गातील वैविध्य हे शासनाच्या दृष्टीने सबळ हिताचे उद्दिष्ट असल्याचे मान्य केले. ऐतिहासिक अन्यायाच्या परिमार्जनाची भाषा मागे पडून वैविध्याच्या लाभाची भाषा पुढे आली ती याच कायदेशीर चौकटीत.

भाषेतील या बदलाचे परिणाम दुहेरी होते. व्याख्या व्यापक झाल्यामुळे ग्रामीण भागातून आलेले, गरीब घरांतील किंवा घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेले विद्यार्थीही पात्र ठरण्याचा मार्ग मोकळा झाला. २०१९ च्या अखेरीस एनआयएचने वंचित पार्श्वभूमीचे निकष अधिक तपशीलवार केले. बेघरपणाचा अनुभव, पालकांकडे महाविद्यालयीन पदवी नसणे, गरजू विद्यार्थ्यांसाठीचे शासकीय शैक्षणिक साहाय्य मिळालेले असणे अशा बाबींचा त्यांत अंतर्भाव होता. दुसरीकडे, योजना मुळात कोणत्या अन्यायाच्या संदर्भात जन्मास आली, याचा उल्लेख तिच्या नावातून नाहीसा झाला.

मुख्य दाराचा प्रश्न

योजनेचे मूल्यमापन करणे सुरुवातीपासूनच अवघड होते. लाभार्थींचे पुढे काय झाले याच्या नोंदी पद्धतशीरपणे ठेवल्या गेल्या नव्हत्या. राष्ट्रीय संशोधन परिषदेने एनआयएचच्या अल्पसंख्याकविषयक प्रशिक्षण योजनांचा जो अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मूल्यमापनासाठी आवश्यक असलेली माहिती अपुरी असल्याकडे लक्ष वेधले होते.

त्यानंतर २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ डोना गिंथर व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००० ते २००६ या काळातील आर०१ अनुदानासाठीच्या ८३ हजारांहून अधिक अर्जांचे विश्लेषण त्यात केले होते. कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता गौरवर्णीयांच्या तुलनेत सुमारे १३ टक्के-अंकांनी कमी असल्याचे आढळले. शिक्षण, प्रशिक्षण, पूर्वीची अनुदाने, प्रकाशने आणि नोकरीची संस्था हे घटक विचारात घेतल्यानंतरही १० टक्के-अंकांची तफावत कायम राहिली. विशेष म्हणजे अर्जदाराने नोंदविलेला वंश परीक्षकांपुढे ठेवला जात नसे.

या निष्कर्षाने पूरक अनुदानांच्या मुळाशी असलेल्या गृहीतकालाच धक्का बसला. योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींची संख्या वाढली की पुढील प्रतिनिधित्व आपोआप वाढेल, असे ते गृहीतक होते. प्रत्यक्षात सर्व पायऱ्या चढून आलेल्या, पीएच.डी. मिळविलेल्या आणि विद्यापीठात स्थिरावलेल्या अर्जदारांनाही शेवटच्या दारापाशी असमान अनुभव येत होता. २०१९ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉपी व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने या तफावतीचे एक अंग उलगडले. समाज व लोकसमूह यांच्या आरोग्याशी निगडित विषय कृष्णवर्णीय संशोधक अधिक प्रमाणात निवडत होते आणि अशा विषयांना निधी मिळण्याचे प्रमाण कमी होते. तफावतीचा २० टक्क्यांहून अधिक वाटा या विषयनिवडीशी जोडता येतो, असे त्यात दिसून आले.

येथे पूरक अनुदानाच्या रचनेची मर्यादा स्पष्ट होते. पूरक अनुदानावर आलेल्या व्यक्तीला मूळ प्रकल्पाच्या कक्षेत काम करावे लागे. तिला दुसऱ्याच्या प्रश्नावर काम करण्याचे उत्तम शिक्षण मिळे. परंतु स्वतःचा प्रश्न घेऊन ती आर०१ साठी उभी राहिली, की तो प्रश्न महत्त्वाचा आहे किंवा नाही हे ठरविणारी यंत्रणा पूर्वीचीच असे. प्रयोगशाळेच्या आत येण्याची वाट योजनेने खुली केली. आत कशाला मोल द्यावयाचे हे ठरविण्याची रीत मात्र तिच्या आवाक्याबाहेर राहिली.

एनआयएचने या निष्कर्षांची दखल घेतली. २०१२ मध्ये संचालकांच्या सल्लागार समितीच्या कार्यगटाने अहवाल दिला. २०१४ मध्ये हॅना व्हॅलंटाइन यांची वैज्ञानिक मनुष्यबळातील वैविध्यासाठीच्या पहिल्या मुख्य अधिकारी म्हणून नियुक्ती झाली आणि पदवी संस्थांतील प्रशिक्षण व राष्ट्रीय मार्गदर्शन-जाळे यांसाठी मोठा निधी देण्यात आला. १ मार्च २०२१ रोजी संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी जैववैद्यकीय क्षेत्रातील संरचनात्मक वर्णभेदामुळे ज्यांची हानी झाली त्यांची जाहीर क्षमा मागितली.

योजनेचा शेवट

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांसंबंधीच्या खटल्यांत वंशाधारित प्रवेशप्रक्रिया घटनाबाह्य ठरविली. हा निर्णय प्रवेशापुरता होता. तथापि वैविध्याच्या युक्तिवादाला २००३ मध्ये मिळालेला न्यायालयीन आधार त्यामुळे डळमळीत झाला. २० व २१ जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशांनी शासकीय यंत्रणेतील वैविध्यविषयक कार्यक्रम संपविण्याचे निर्देश दिले. त्यानंतर २०२५ च्या पूर्वार्धात पूरक अनुदानांची ही योजना बंद करण्यात आली आणि चालू असलेली काही अनुदानेही मध्येच रद्द झाली.

अनुदाने रद्द करण्याच्या व्यापक धोरणाविरुद्ध दाखल झालेल्या खटल्यात मॅसॅच्युसेट्स येथील संघीय न्यायाधीश विल्यम यंग यांनी १६ जून २०२५ रोजी ही कारवाई बेकायदेशीर ठरविली. परंतु २१ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी अनुदाने रद्द करण्यासंबंधीच्या आदेशाला स्थगिती दिली. अशा अनुदानांविषयीचे दावे संघीय दावा न्यायालयाकडे जावयास हवेत, असे मत बहुमताने मांडले. कारवाईमागील मार्गदर्शक सूचना रद्द करणारा आदेशाचा भाग मात्र कायम ठेवला.

ज्या प्रशासकीय साधेपणामुळे ही योजना १९८९ मध्ये सहज सुरू होऊ शकली, त्याच साधेपणामुळे ती २०२५ मध्ये सहज संपविताही आली. तिच्यामागे स्वतंत्र कायदा नव्हता. एनआयएचने वेळोवेळी काढलेल्या सूचनांवर ती चालत होती. लाभार्थीच्या नावावर स्वतंत्र अनुदानही नव्हते. मूळ अनुदान प्रमुख संशोधकाकडे राहिले आणि त्याला जोडलेली व्यक्ती मात्र उघड्यावर पडली. पीएच.डी.च्या मध्यावर असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एका वर्षाचे वेतन थांबणे ही केवळ हिशेबातील नोंद नसते. अनेकदा त्या ठिकाणी शिक्षणाची वाटच खुंटते.

समारोप

पूरक अनुदानांच्या या इतिहासातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मोठ्या व्यवस्थेला फारसा धक्का न लावता तिच्यात नव्या लोकांना प्रवेश देण्याचा हा एक व्यवहार्य मार्ग होता. प्रमुख संशोधकाला त्यात तोटा नव्हता, स्पर्धेतील अन्य अर्जदारांचा क्रम बदलत नव्हता आणि उमेदवाराला चालू प्रकल्पात प्रत्यक्ष काम करण्याची संधी मिळत होती. योजना इतकी वर्षे टिकली ती बहुधा यामुळेच.

दुसरा निष्कर्ष असा की, जोडून दिलेल्या साधनाला मूळ साधनाच्या मर्यादा लागू होतात. उमेदवाराचे भवितव्य प्रमुख संशोधकाच्या इच्छेशी, मूळ प्रकल्पाच्या विषयाशी आणि त्याच्या मुदतीशी बांधलेले राहिले. परीक्षणाची निकषव्यवस्था बदलल्याशिवाय केवळ प्रशिक्षित मनुष्यबळ वाढवून प्रतिनिधित्वाचा प्रश्न सुटत नाही, हे २०११ व २०१९ च्या अभ्यासांनी दाखवून दिले.

तिसरा निष्कर्ष धोरणकर्त्यांइतकाच शिक्षणसंस्थांनाही उद्देशून आहे. ज्या तरतुदीला कायद्याचा, स्थायी निधीचा किंवा लाभार्थीच्या स्वतंत्र हक्काचा आधार नसतो, ती कितीही उपयुक्त असली तरी शासन बदलताच जाऊ शकते. व्हिव्हियन थॉमस यांना प्रयोगशाळेत जागा मिळाली होती, पण तिला संशोधकाचे नाव मिळण्यास अनेक दशके लागली. पूरक अनुदानांनी ते नाव आरंभापासूनच देऊ केले, ही या योजनेची खरी कामगिरी होय. ते नाव टिकून राहावे यासाठी आवश्यक असलेला पाया मात्र तिला घालता आला नाही.